पलीकडच्या शाळेतली मुलं



हायस्कूलच्या हद्दींचा नवा नकाशा जाहीर झाला की आपण सगळे आधी एकच गोष्ट करतो. नकाशा मोठा करत करत आपला रस्ता शोधतो आणि त्याचा रंग बदललाय का ते बघतो. बदललेला नसेल तर हायसं वाटतं. बदललेला असेल तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी अनेकांशी बोलणं झालं. कुणी संतापलेलं होतं, कुणाचा आवाज कातर झाला होता, एकानं तर हे घर विकून चार रस्ते पलीकडे जायचा हिशेबही मांडून ठेवला होता. स्कूल बोर्डाची सुनावणी तोंडावर आली आहे, सह्यांची पत्रकं फिरताहेत, टी-शर्ट छापून झालेत. या गडबडीत मला तुमच्याशी थोडं मनातलं बोलायचं आहे.

विरोध करू नका, असं मी सांगणार नाही. बोर्डाचा प्रत्येक प्रस्ताव शहाणपणाचाच असतो असं नाही, आणि आपण गप्प बसलो तर आपली अडचण कुणाला कळणारही नाही. पण विरोध करताना आपण नव्या नकाशानं मुलांना जिथं जावं लागेल त्या दुसऱ्या शाळेबद्दल, तिथल्या मुलांबद्दल जे बोलू लागलो आहोत ते ऐकून माझा जीव कासावीस होतो. ते बोलणं आपली मुलं ऐकताहेत. त्यातली काही पुढच्या वर्षी त्याच शाळेच्या दारातून आत जाणार आहेत.

आधी तुमच्या रागाबद्दल बोलते, कारण तो खोटा नाही. अमेरिकेत बहुतेक सरकारी हायस्कूलांना प्रवेश परीक्षा नसते, डोनेशन नसतं, ओळख लागत नाही. लागतो तो पत्ता. त्यामुळे इथं आलेल्या आपल्या लोकांनी घर घेताना आधी शाळा बघितली आणि मग घर. कुणी एक खोली कमी घेतली, कुणी ऑफिसला रोज तासभर जास्त गाडी चालवायची तयारी ठेवली, कुणी दोन पगारांतला एक जवळजवळ सगळा हप्त्यात घातला. का, तर मुलं अमुक शाळेत जावीत. सावंतवाडीहून किंवा नांदेडहून शिक्षणाच्याच जोरावर इथवर पोचलेल्या माणसाला हे चूक वाटणं शक्यच नाही. आणि मग एका संध्याकाळी बोर्ड सांगतं की शाळेच्या हद्दीची रेघ आता हलणार. आपली कुणीतरी फसवणूक केली असं वाटतं.

या रेघेची किंमत लोक पैशातही मोजतात. सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1999 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. बॉस्टनच्या उपनगरांत त्यांनी शाळेच्या हद्दीच्या अगदी लगत, अल्याड आणि पल्याड असलेली घरं ताडून पाहिली. परिसर तोच, कर तोच, फरक फक्त शाळेचा. परीक्षेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी लोक घराला सुमारे 2.5 टक्के जास्त मोजत होते. तेव्हा घराच्या किमतीची चिंता म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. ती चिंता तुम्हाला असेल तर ती निदान स्वतःशी तरी तिच्याच नावानं ओळखा. घराच्या किमतीची भीती आणि मुलाच्या शिक्षणाची भीती एकमेकींत गुंतली की आपण दुसरीबद्दल बोलतोय असं समजून पहिलीबद्दल बोलत राहतो. समोर बसलेल्या बोर्डाच्या सदस्यांना ते लगेच कळतं, आणि मग आपले खरे मुद्देही ते अर्ध्या कानानं ऐकतात.

हद्दी बदलाव्या का लागतात, हेही एकदा शांतपणे बघा. टेक्ससमधल्या फ्रिस्कोत 2003 पर्यंत एकच हायस्कूल होतं. 2022 मध्ये तिथं पँथर क्रीक हे बारावं हायस्कूल उघडलं. त्या गावात आपली किती माणसं आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. नवं हायस्कूल बांधलं की ते भरण्यासाठी शेजारच्या दोन-तीन शाळांच्या हद्दीतून मुलं काढावीच लागतात. शिकागोजवळच्या नेपरव्हिल आणि ऑरोरामध्ये पसरलेल्या 204 क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टनं 2009 साली मेटिया व्हॅली हायस्कूल सुरू केलं, त्याआधी तिथंही रेघांवरून रान पेटलं होतं. एका बाजूला शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या फिरत्या वर्गखोल्या उभ्या राहताहेत, जेवणाची सुट्टी चार पाळ्यांत होते आहे, आणि दुसऱ्या बाजूला काही मैलांवरच्या इमारतीत बाकं रिकामी आहेत. या इमारतींचा पैसा आपल्याच मालमत्ता करातला. रिकाम्या बाकांची शाळा तशीच ठेवून भरलेल्या शाळेला नवा मजला चढवा, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणणार?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीचं उदाहरण माझ्यासमोर ठेवलं. "तिथं लोकांनी रस्त्यावर उतरून कसा दम दिला" असं तुम्ही म्हणालात. मग ते उदाहरण पूर्ण बघू या.

बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधली ही काउंटी. तिचं मोठं गाव कोलंबिया. जेम्स राउस नावाच्या विकासकानं 1967 साली ते वसवायला घेतलं ते एक निश्चित कल्पना मनात धरून: वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या मिळकतीची कुटुंबं शेजारी शेजारी राहतील. घर विकताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा केंद्राचा कायदा त्यानंतर, 1968 मध्ये आला. आज या काउंटीच्या शाळांत कुठल्याही एका वंशाच्या मुलांचं बहुमत नाही. तिथल्या गाड्यांवर हिरव्या रंगाचे स्टिकर दिसतात, "चूज सिव्हिलिटी". सभ्यपणानं वागा, असं सांगणारी ती मोहीम काउंटीच्या वाचनालयानं 2006 मध्ये सुरू केली होती.

आणि याच काउंटीत, आजच्या ॲथोल्टन हायस्कूलच्या शेजारी, हॅरिएट टबमन यांच्या नावाची एक जुनी शाळा उभी आहे. 1949 साली ती काळ्या मुलांसाठी वेगळं हायस्कूल म्हणून उघडली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये वंशावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तरी तिथली ही वेगळी शाळा 1965 पर्यंत चालूच राहिली. सभ्य लोकांच्या काउंटीला मुलं एका छताखाली आणायला आणखी 11 वर्षं लागली. त्या शाळेत शिकलेली माणसं आज त्याच काउंटीत आजी-आजोबा आहेत. सुनावणीच्या खोलीत मागच्या रांगेत ती बसलेली असू शकतात, आणि आपण माइकवर "आम्हाला तिकडच्या शाळेत पाठवू नका" असं म्हणतो तेव्हा त्यांना काय आठवत असेल, याचा विचार आपल्या मनात येतच नाही. आपण इथं नंतर आलो. त्या इतिहासात आपला हात नव्हता हे खरं. पण त्या इतिहासानं आखलेल्या नकाशातच आपण घर घेतलं आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सगळ्या सरकारी शाळांचे प्रमुख मायकेल मार्टिरानो यांनी एक आराखडा मांडला. सुमारे 7,400 मुलांची शाळा बदलणार होती. हेतू तीन होते. गर्दीच्या आणि रिकाम्या शाळांचा तोल साधणं, गरीब घरांतली मुलं दोन-चार शाळांतच एकवटली होती ती जास्त शाळांत विभागणं, आणि होऊ घातलेल्या तेराव्या हायस्कूलची तयारी. गरिबी मोजायला त्यांनी वापरलं सवलतीच्या जेवणाचं माप. दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला शाळेत फुकट जेवण मिळतं, 185 टक्क्यांपर्यंत असलेल्याला स्वस्तात. हे माप का, याचंही कारण आहे. निव्वळ मुलाचा वंश बघून त्याची शाळा ठरवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये सिएटल आणि लुईव्हिलच्या खटल्यात सांगितलं, तेव्हापासून शाळा मंडळांना मिळकतीच्या मापाकडे वळावं लागलं.

सगळ्यात जास्त वाजलं ते रिव्हर हिल आणि वाइल्ड लेक या दोन हायस्कूलांवरून. अंतर काही मैलांचं. रिव्हर हिलमध्ये सवलतीचं जेवण घेणारी मुलं अगदी मोजकी, वाइल्ड लेकमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास. आराखड्यात या दोन शाळांमधली काही मुलं इकडची तिकडे होणार होती. त्या काउंटीत नकाशाच्या छोट्या तुकड्यांना पॉलिगॉन म्हणतात. त्या उन्हाळ्यात तिथल्या पालकांना आपल्या पॉलिगॉनचा नंबर फोन नंबरासारखा पाठ झाला होता. मोर्चे निघाले. सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालल्या. हजारो लेखी निवेदनं आली. विरोध करणाऱ्यांत आशियाई स्थलांतरित पालक मोठ्या संख्येनं होते. त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच: आम्ही काटकसर करून, शाळा बघून इथं घर घेतलं, कुणाचं काही हिरावलं नाही, मग शिक्षा आम्हाला का? हे म्हणणं प्रामाणिक होतं. पण त्याच गठ्ठ्यात अशीही पत्रं होती ज्यांत दुसऱ्या शाळेतली मुलं म्हणजे मारामाऱ्या, ड्रग्ज, अभ्यासाचा बट्ट्याबोळ, असं सरळ लिहिलेलं होतं. काहींत उघड वंशद्वेष होता. त्याची बातमी राष्ट्रीय वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. प्रामाणिक पत्रं लिहिणाऱ्यांचं म्हणणं त्या बातमीखाली गाडलं गेलं.

नोव्हेंबर 2019 मध्ये बोर्डानं निर्णय घेतला. मूळ आराखडा बराच बदलला, तरी पाच हजारांहून जास्त मुलांची शाळा बदललीच. 2020 च्या शरदात ती मुलं नव्या शाळेत जायची होती. तेवढ्यात कोविड आला. ज्या बसच्या वेळेवरून, ज्या रस्त्यांवरून एवढी भांडणं झाली ती बस निघालीच नाही. नववीतल्या मुलांनी नवी शाळा सुरू केली ती स्वतःच्या खोलीत, लॅपटॉपसमोर, ज्यांचे चेहरेही कधी पाहिले नाहीत अशा वर्गमित्रांबरोबर. प्रत्यक्ष वर्गात पाऊल ठेवायला त्यांना 2021 चा वसंत उजाडला. मला त्या मुलांची फार कणव येते. वर्षभर आईवडिलांकडून ऐकलेलं त्या शाळेचं वर्णन, आणि ते खोडून काढायला एकही खराखुरा दिवस नाही.

गरिबी वाटून टाकण्याच्या हेतूनं केलेला तो सगळा आराखडा बरोबरच होता असं मी मानत नाही. पौगंडावस्थेतल्या मुलांना इकडून तिकडे हलवणं ही मोठी गोष्ट आहे, आणि काही निर्णय सभा चालू असताना, ऐनवेळी बदलले गेल्यानं लोकांचा विश्वास उडाला होता. तिथलं तेरावं हायस्कूल, गिलफर्ड पार्क, 2023 मध्ये सुरू झालं. त्यासाठी 2022 मध्ये पुन्हा हद्दी आखाव्या लागल्या. तीन वर्षांत दुसऱ्यांदा! "नवी शाळा येणारच आहे तर एकदाच काय ते करा, मुलांना दोनदा ढवळू नका," हा आक्षेप शंभर टक्के रास्त होता. असा आक्षेप घ्यायला कुणालाही वाईट म्हणावं लागत नाही.

आता घरातलं बोलू.

परवा एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात बसले होते. ती फोनवर होती, स्पीकर चालू, एका हातानं कांदा परतत होती. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, तुमचंही तिकडे जाणार का. ती म्हणाली, "जाऊच देणार नाही गं मी. तिथली मुलं कसली असतात माहितीये ना? आपल्या मुलींना तिथं कसं पाठवायचं?" तिची तेरा वर्षांची लेक ओट्याच्या दुसऱ्या टोकाला डब्याची झाकणं शोधत होती. आपल्याला वाटतं की मुलं इंग्रजीत उत्तर देतात म्हणजे त्यांना मराठी कळत नाही. सगळं कळतं. झाकण लावता लावता ती म्हणाली, "आई, माझी गोलकीपर त्या स्कूलची आहे. ती कसली असते?" मैत्रिणीनं फोन बंद केला. कांदा करपला. पुढचा थोडा वेळ दोघी काही बोलल्या नाहीत, आणि मीही नाही.

त्या गोलकीपरची आई कदाचित दोन नोकऱ्या करत असेल. कदाचित ती एल साल्वाडोरहून आली असेल, किंवा चार पिढ्या इथलीच असेल. ती सुनावणीला येणार नाही, कारण संध्याकाळी सात वाजता तिची पाळी असते. आपण येऊ शकतो, आपल्याला इंग्रजीत मुद्देसूद बोलता येतं, तक्ते करता येतात, वकील परवडतो. या सगळ्या प्रकरणात आपलं पारडं आधीच जड आहे, हे ध्यानात ठेवून बोलायला हवं.

"तिथली मुलं" हे शब्द आपल्याला नवे नाहीत, म्हणून ते एवढ्या सहज तोंडात येतात. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या, तेव्हा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत काय बोललं गेलं ते आठवा. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. अनेक पालकांना त्या सवलतीचा आनंद झाला होता, आणि त्यांची कारणं ऐकली तर ती आपल्या इथल्या कारणांची सख्खी भावंडं आहेत. मुलं मिसळतील, भाषा बिघडेल, पातळी खाली येईल. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा, आणि काहींचे तर वडील, गावात ज्या शाळेबाहेर बसवले गेले किंवा ज्या शाळेच्या पायरीवरून परत फिरले, ती शाळाही हेच म्हणत होती. त्यांनी ते सोसलं म्हणून आपण इथं आहोत. आपल्या तोंडून तेच शब्द निघावेत याचं मला मनापासून दुःख होतं.

रेटिंगचं काय, असं तुम्ही विचाराल. घरांच्या संकेतस्थळावर शाळेपुढे दिसणारा तो दहापैकी आकडा बहुतांशी परीक्षांच्या निकालावर उभा असतो, आणि परीक्षांचे निकाल घरच्या मिळकतीच्या मागोमाग जातात. शाळा मुलाला किती पुढे नेते हे त्या आकड्यातून फारसं कळत नाही. मेरीलँडमध्ये तर शाळा काउंटीच्या हाताखाली असतात. रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शाळेचा अभ्यासक्रम एकच, शिक्षकांची पगारश्रेणी एकच. मग फरक कुठं असू शकतो? वर्गांच्या उपलब्धतेत. एखाद्या शाळेत कॅल्क्युलसचा वरचा वर्ग भरण्याइतकी मुलं नसतील तर तो वर्ग उघडणार नाही. ऑर्केस्ट्रा नसेल, एखादी परदेशी भाषा तिसऱ्या वर्षानंतर बंद होत असेल. हे प्रश्न खरे आहेत आणि ते बोर्डाला लेखी विचारायलाच हवेत. सातवी-आठवीत गणितात पुढे गेलेल्या मुलांना तिथं अकरावी-बारावीत काय मिळेल, ते नावानिशी सांगा म्हणावं. अशा मागणीचा फायदा फक्त आपल्या मुलांना होत नाही. तो वर्ग उघडला तर आधीपासून तिथं शिकणाऱ्या, त्या वर्गाची वाट बघणाऱ्या मुलांनाही बसायला जागा होते.

आणि कॉलेजची धास्ती. इथं आपण सगळ्यात जास्त घाबरतो आणि सगळ्यात कमी माहिती घेतो. प्रवेशाचा अर्ज वाचणारी माणसं त्याच्याबरोबर शाळेची माहितीही वाचतात: कुठले वर्ग उपलब्ध होते, मुलानं त्यातले कुठले घेतले. टेक्ससनं 1997 मध्ये कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या 10 टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळेल. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ते प्रमाण आणखी कमी झालं आहे, पण तत्त्व तेच, प्रत्येक शाळेतली वरची मुलं. कॅलिफोर्निया विद्यापीठही आपापल्या शाळेत वरच्या 9 टक्क्यांत असलेल्या मुलांना पात्र धरतं. म्हणजे अतिशय चुरशीच्या शाळेत तिसाव्या टक्क्यात घुसमटणारं मूल दुसरीकडे मोकळा श्वास घेईल, असंही होऊ शकतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये 2000 साली वायबल भागातली मुलं मिशन सॅन होजे हायस्कूलमधून अर्विंग्टन हायस्कूलकडे वळवली, तेव्हा बहुतांशी आशियाई असलेले तिथले पालक डिस्ट्रिक्टमधून फुटून निघायची भाषा करत होते. आज अर्विंग्टनचं नाव चांगल्या शाळांत घेतलं जातं. शाळा मुलांनी आणि पालकांनी बनते. आपण जिथं जाऊ तिथं बँडच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावणारे, रोबोटिक्सच्या मुलांना शनिवारी गाडीतून नेणारे आपणच असणार आहोत.

आता सुनावणीचं. माइकसमोर फार थोडा वेळ मिळतो, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो आणि लाल लागला की वाक्य अर्धवट राहतं. ती मिनिटं दुसऱ्या शाळेची निंदा करण्यात घालवू नका. विद्यार्थीसंख्येचा अंदाज कशावरून काढला ते विचारा. पुढच्या पाच वर्षांत येऊ घातलेल्या टाउनहाउसची मुलं त्यात धरली आहेत का, हे विचारा. अकरावी आणि बारावीत जाणाऱ्या मुलांना जुन्याच शाळेत राहू द्या, अशी मागणी करा. ती बहुतेक ठिकाणी मान्य होते, पण बस देणार का यावर सगळं अडतं, म्हणून बसचं आत्ताच बोलून घ्या. मोठा भाऊ एका शाळेत आणि धाकटी बहीण दुसऱ्या, असं होणाऱ्या घरांना सवलत मागा. मिडलस्कूलच्या वर्गातली पाच-सातच मुलं वेगळी काढून एकटी पाठवली जात असतील तर तो आराखडा वाईटच आहे, तसं ठणकावून सांगा. पाच-सात मुलांऐवजी सबंध वर्ग एकत्र जाईल अशी रेघ आखता येते का, हे नकाशा हातात घेऊन दाखवा. खेळ आणि क्लब संपल्यावर निघणारी उशिराची बस नसेल तर ज्या घरी एकच गाडी आहे त्यांची मुलं शाळेनंतरच्या प्रत्येक गोष्टीला मुकतात. ती बस मागताना त्या गोलकीपरच्या आईसाठीही मागा. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना आधी बोलू द्या. त्यांचं मूल शिक्षकांशी, खोलीशी, दिनक्रमाशी जुळायला वर्षं लागलेली असतात. त्यांची अडचण आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

मुलांना माइकवर उभं करायचा मोह होतो. टाळ्या मिळतात, बोर्डाच्या सदस्यांचे चेहरे मऊ होतात. मला ते पटत नाही. चौदा वर्षांच्या मुलानं "मला तिथं जायचं नाही" असं रडत सांगितलेलं कुणीतरी मोबाइलवर टिपतं, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाला त्याच शाळेच्या कॅफेटेरियात कुणाच्या तरी शेजारी ट्रे घेऊन बसायचं असतं. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर जरूर बोलू दे, पण शब्द त्याचे असू देत.

आणि रेघ बदललीच, तर घरी मुलाचं दुःख हलकं लेखू नका. बालवाडीपासूनचा मित्र एका शाळेत आणि आपण दुसऱ्या, हे त्या वयात खरंखुरं नुकसान आहे. "होईल सवय" म्हणून ते मिटत नाही. उन्हाळ्यातच एकदा त्या शाळेत घेऊन जा, इमारत, जिम, वाचनालय मोकळं असताना बघू दे. कौन्सेलरची वेळ घ्या आणि मुलालाच प्रश्न विचारू दे. फॉलच्या खेळांच्या चाचण्या आणि मार्चिंग बँडचा सराव ऑगस्टमध्येच, शाळा सुरू व्हायच्या आधी होतो. त्यात पडलेल्या मुलाला पहिल्या दिवशी नावानं हाक मारणारी दहा-बारा मुलं आधीच भेटलेली असतात. जुन्या मित्रांसाठी आपली रविवारची मराठी शाळा आहे, गणपती आहे, कुणाच्या तरी तळघरातला कॅरम आहे. ते धागे आपल्या हातात आहेत.

येत्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. ज्यांना बोर्डाला पत्र लिहायचं आहे त्यांनी मसुदा घेऊन या, आपण मिळून वाचू. सकाळी चहा ठेवणाऱ्या काकांनी अर्धा तास जास्त थांबायचं कबूल केलं आहे. पत्र पाठवायच्या आधी ते घरातल्या मुलामुलीला वाचायला द्या, आणि ती ज्या वाक्यावर अडखळतील ते वाक्य मला दाखवा.